आमरसाच्या वाटीत मांजराला काय सापडतं?

मे महिन्यात आमच्याकडे आमरसाची वाटी टेबलावर ठेवून कुणी पाणी आणायला उठलं, की मनी हजर. दोन-चार वेळा जीभ लावते, मिशा पुसते आणि निघून जाते. पाहुणे कौतुकाने म्हणतात, "हिलाही हापूसची गोडी कळते हो!" गोडी मात्र तिला कळत नाही. तो हापूस आहे की उकडलेला बटाटा, हे गोडव्यावरून तिला सांगताच येणार नाही, कारण मांजराच्या जिभेला गोड ही चवच नाही.

साखरेचं पाणी आणि साधं पाणी शेजारी ठेवलं तर मांजर त्यात निवड करत नाही, हे संशोधकांना बऱ्याच आधीपासून माहीत होतं. त्यामागचं कारण २००५ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी शोधून काढलं. आपल्या जिभेवर गोड ओळखणारा जो ग्राही असतो, तो दोन प्रथिनांची जोडी असतो. एकेका प्रथिनाची कृती एकेका जनुकात लिहिलेली असते. मांजरामध्ये यातल्या एका जनुकातली २४७ अक्षरं गळून पडली आहेत. त्यामुळे पुढचा सगळा मजकूर बिघडतो आणि ते प्रथिन तयारच होत नाही. जोडीतलं एकच प्रथिन उरलं की ग्राही निकामी. अगदी तोच बिघाड वाघात आणि चित्त्यातही सापडला. म्हणजे माणसाने मांजर पाळण्याच्या कितीतरी आधी, या साऱ्यांच्या सामाईक पूर्वजातच गोडी हरवली होती. नुसतं मांस खाणाऱ्या प्राण्याचं त्याने काही अडलं नाही, म्हणून तो बिघाड पिढ्यान्‌पिढ्या टिकला. पांडाचं याच्या उलट झालं. तो बांबू खाऊ लागला आणि त्याच्यात मांसाची चव ओळखणारं जनुक मोडून पडलं. जिभेवरून प्राण्याचा इतिहास वाचता येतो, ही गोष्ट मला फार सुंदर वाटते.

मग मनी वाटीकडे का जाते? आमच्या आमरसात दूध असतं आणि वर तुपाची धार. स्निग्ध पदार्थाचा वास मांजराला लांबून कळतो. खरबुजाचं कोडं थोडं वेगळं आहे. खरबूज कापलं की धावत येणारी मांजरं अनेकांनी पाहिली असतील. खरबुजाच्या सुगंधातली काही द्रव्यं अमिनो आम्लांपासून, म्हणजे प्रथिनांच्या घटकांपासून, तयार होतात आणि मांसाचा वासही बराचसा त्यांच्याशीच जोडलेला असतो. त्यामुळे मांजर नाकाने फसत असावं, असा एक अंदाज आहे. आंब्याचा हट्ट करणारं मांजर बहुतेक वेळा दूध-तूप, वास, गारवा किंवा तुमच्या ताटातलं काहीतरी मागत असतं.

कोकणातल्या वाचकांना इथे एक शंका येईल. रात्री पपई, फणस, केळी फस्त करणारं ते "मांजर" कोणतं? ते उदमांजर. त्याच्या नावात मांजर असलं तरी त्याचं कुळ वेगळं आहे आणि फळं हे त्याचं नेहमीचं खाणं आहे. त्याच्यावरून घरच्या बोक्याचा आहार ठरवू नये.

"फळात जीवनसत्त्वं असतात, थोडं पोटात गेलं तर चांगलंच," असं आपण मुलांच्या बाबतीत म्हणतो आणि ते बरोबरही आहे. मांजराच्या बाबतीत हा हिशेब जवळजवळ पूर्ण चुकतो. क जीवनसत्त्व आपल्याला बाहेरून घ्यावं लागतं, पण मांजराचं यकृत ते स्वतः तयार करतं. आंब्याला केशरी रंग देणाऱ्या कॅरोटीनपासून आपलं शरीर अ जीवनसत्त्व बनवतं. मांजराला ते जवळजवळ जमतच नाही. त्याला अ जीवनसत्त्व तयार स्वरूपात, म्हणजे कलेजी, मासे, अंडी यांतूनच मिळावं लागतं. त्याच्या लाळेत पिष्ट पचवणारं विकर नसतं आणि साखर हाताळण्याची यकृताची तयारीही आपल्यापेक्षा कमी असते. रक्तात जी साखर लागते, ती ते प्रथिनांपासून सतत तयार करत असतं.

फळ ज्याची जागा घेऊ शकत नाही असा एक पदार्थ म्हणजे टॉरिन. तो प्राण्यांच्या मांसात मिळतो, फळांत नाही, आणि मांजराला तो पुरेसा बनवता येत नाही. टॉरिन न मिळाल्यास मांजराच्या डोळ्यातला पडदा खराब होऊन ते आंधळं होतं, हे १९७५ मध्ये सिद्ध झालं. हृदयाचा स्नायू सैल पडून हृदय फुगतं, हे १९८७ मध्ये कळलं आणि त्यानंतर तयार मांजरखाद्यात टॉरिनचं प्रमाण वाढवलं गेलं. दूध-पोळी आणि फळांवर मांजर वाढवणारी प्रेमळ घरं मी पाहिली आहेत. त्यांना कळकळीने सांगावंसं वाटतं, की तुमच्या ताटाचे नियम तुमचे असू द्या, पण त्या जिवाला मांस किंवा संपूर्ण मांजरखाद्य द्या.

फळ गरजेचं नाही, एवढं कळलं. ते धोक्याचं आहे का, हे फळावर आणि त्याच्या भागावर अवलंबून आहे. आंबा, केळं, कलिंगड, खरबूज, सफरचंद यांचा नुसता गर विषारी नाही. चार किलोच्या घरातल्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० कॅलरी लागतात आणि वरचा खाऊ त्याच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवावा, असं पशुवैद्य सांगतात. म्हणजे २०-२५ कॅलरी. एका मध्यम केळ्यात शंभरच्या आसपास असतात. अर्धं केळं खाऊ घातलं तर दिवसाच्या अन्नाचा पाचवा हिस्सा साखरेने भरला. नखाएवढा तुकडा, तोही कधीतरी, एवढंच प्रमाण धरावं. लठ्ठ किंवा मधुमेही मांजराला तोही नको. मांजरांना मधुमेह होतो आणि लठ्ठपणा त्याला खतपाणी घालतो.

सफरचंद, पीच, जर्दाळू, आलुबुखार यांच्या बिया आणि कोयी दूर ठेवा. त्या चावल्या गेल्या तर त्यांतल्या द्रव्यापासून सायनाइड सुटतं. सीताफळाच्या बियांची पूड गावाकडे उवा मारायला वापरत आणि ती डोळ्यांत गेली तर इजा होते, हे जुन्या बायकांना पक्कं ठाऊक असे. ती बी मांजराच्या खेळण्यात नसावी. लिंबू, संत्रं, मोसंबी यांच्या सालीतल्या तेलांचा त्रास मांजराला आपल्यापेक्षा जास्त होतो. अशी अनेक द्रव्यं निकामी करून शरीराबाहेर टाकण्याची यकृतातली एक महत्त्वाची वाट मांजरात अर्धवट बंद आहे. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, त्यालाही मुख्यतः हेच कारण आहे.

द्राक्षांची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी. द्राक्षं आणि मनुके खाऊन कुत्र्यांची मूत्रपिंडं बंद पडतात, हे वीस-पंचवीस वर्षांपासून दिसत होतं, पण एक कुत्रा मूठभर खाऊन ठणठणीत आणि दुसरा थोडक्यातच अत्यवस्थ, असं का, ते उलगडत नव्हतं. अमेरिकेतल्या एएसपीसीए या प्राणिकल्याण संस्थेच्या विषबाधा केंद्रातल्या पशुवैद्यांकडे घरी बनवलेला खेळण्याचा चिकणगोळा खाल्लेल्या कुत्र्याची नोंद आली. लक्षणं हुबेहूब द्राक्षांसारखी. त्या गोळ्यात क्रीम ऑफ टार्टर होतं, म्हणजे टार्टारिक आम्लाचा क्षार. द्राक्षांतही हेच आम्ल भरपूर असतं आणि जातीनुसार, पिकण्यानुसार ते कमी-जास्त होतं. २०२१ मध्ये त्यांनी हा संशय जाहीरपणे मांडला. पुढे चिंच खाल्लेल्या कुत्र्यांतही तसंच घडल्याच्या नोंदी त्यांनी दिल्या. चिंच! टार्टारिक आम्लाचं त्याहून मोठं भांडार आपल्या स्वयंपाकघरात दुसरं नाही. मांजरांच्या अशा नोंदी मोजक्याच आहेत, कारण मांजर सहसा द्राक्षाला तोंड लावत नाही. पण मूत्रपिंड हा मांजराचा आधीच नाजूक अवयव, म्हणून खबरदारी तीच घ्यावी. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे काढून टाकल्याशिवाय त्याला शिरा चाटू देऊ नका. खरं तर देऊच नका.

यातलं काही पोटात गेलंच आणि मांजर वारंवार उलटी करू लागलं, मलूल झालं किंवा लघवी कमी झाली, तर थांबू नका. काय खाल्लं, किती आणि केव्हा, हे पशुवैद्याला फोनवर सांगून लगेच निघा. उलटी व्हावी म्हणून मिठाचं पाणी पाजू नका, त्याने आणखी अपाय होतो.

लाड करायचेच असतील तर मी करते ते सांगते. रविवारी चिकन शिजवताना दोन-तीन तुकडे नुसत्या पाण्यात वेगळे उकडते आणि कांदा, लसूण, मीठ पडण्याआधी बाजूला काढते. कांदा-लसणाने मांजराच्या लाल पेशी फुटतात आणि रस्सा गाळून दिला तरी त्यांचा अर्क त्यात असतोच. पातेल्याचं झाकण उघडलं की मनी ओट्याखाली येऊन बसते. तेव्हा दारातल्या आंब्याच्या पेटीकडे ती ढुंकूनही पाहत नाही.