शिकागो ब्लूजचा जोर व्हॉल्यूमच्या बटणात नसतो

शिकागो ब्लूज म्हणजे शिकागो शहरात घडलेली ब्लूज संगीताची शैली. तिच्या लाइव्ह रेकॉर्डिंगबद्दल एक समज कायम फिरत असतो: ‘सगळी मजा मोठ्या आवाजात आणि वेगात आहे.’ असं वाटणं साहजिक आहे, विजेवरची गिटार हीच या शैलीची ओळख. पण मोजून पाहिलं तर चित्र वेगळं दिसतं.

आधी वेग. नेहमीचं आवर्तन, म्हणजे एक कडवं, १२ बारचं (बार म्हणजे ठोक्यांचा एक गट), बारमध्ये ४ ठोके, म्हणजे ४८ ठोके. एका कडव्याच्या सुरुवातीपासून पुढच्या कडव्यापर्यंतचे सेकंद मोजा आणि २८८०ला (४८ ठोके × ६० सेकंद) त्यांनी भागा. २४ सेकंद आले तर मिनिटाला १२० ठोके. ४८ आले तर फक्त ६०. संथ ब्लूज एवढ्या वेगातही चालतो, आणि दाद बरेचदा तिथेच मिळते. शफल या झुलत्या तालात ठोक्याचे तीन भाग पाडून मधला गाळतात. झोका येतो तो त्यामुळे.

आता आवाज. छोटा व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) अ‍ॅम्प्लिफायर क्षमतेपलीकडे ताणला की ध्वनिलहरींचे शेंडे कापले जातात आणि सूर जाड, खरखरीत होतो. माउथ ऑर्गनवाला माइक वाद्यासकट ओंजळीत घट्ट धरतो. फट राहिली की तो जाडपणा गेलाच. नुसता व्हॉल्यूम वाढवला तर माइक शिट्टी मारतो.

पडताळा सोपा आहे. रेकॉर्डिंग अगदी हळू आवाजात लावा. खरखर, झोका, गायकाची ओळ संपताच गिटारने दिलेलं उत्तर, सगळं जागेवर असतं.