पट्ट्यांच्या गठ्ठ्यातून हवी तीच ओळ: फिल्टरच्या फॉर्म्युल्यामागची गोष्ट

मे महिना सरत आला की देवगडात आंबा बागायतदाराच्या घरी पट्ट्यांचा गठ्ठा जमलेला असतो. पट्टी म्हणजे वाशीहून दलालाने पाठवलेला हिशेब: पेट्या किती, किती डझनी, भाव काय लागला, भाडं-हमाली-आडत वजा जाता हातात काय राहिलं. बाबा हे सगळं वहीत उतरवायचे. पाच डझनी पेटीला एप्रिलात काय मिळालं, एवढं काढायला तांबडी पेन्सिल घेऊन अख्खी वही चाळायचे. आज ते काम एक फॉर्म्युला करतो. पण कॉम्प्युटरलाही ते यायला चाळीसेक वर्षं लागली.

डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचं व्हिसिकॅल्क, म्हणजे रकाने-ओळींत हिशेब मांडायचा प्रोग्रॅम (स्प्रेडशीट), १९७९ मध्ये आलं. एक आकडा बदलला की सगळी आकडेमोड पुन्हा व्हायची, पण हव्या त्या ओळी वेगळ्या काढायची सोय त्यात नव्हती. ती १९८३ च्या लोटस १-२-३ या स्प्रेडशीटमध्ये आली. कॉलमचं नाव आणि त्याखाली अट लिहायची, मग जुळणाऱ्या ओळी दुसरीकडे उतरायच्या. अडचण एकच: ती नक्कल असायची. नवी पट्टी भरली तरी जुनी यादी तशीच. पुन्हा हुकूम द्यावा लागे.

पुढे एक्सेलमध्ये मथळ्यावरचे बाण आले. हा फिल्टर ओळी फक्त लपवतो, आणि इथेच मी फसलो होतो. सहा डझनी पेट्या तेवढ्या समोर ठेवल्या आणि तळाची बेरीज घरी सांगितली. बेरीज साध्या ‘सम’ने केलेली, त्यामुळे लपलेल्या ओळीही तिने धरलेल्या. तिथे लपलेल्या ओळी सोडून बेरीज करणारं ‘सबटोटल’ हवं, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

तेव्हा एक्सेलमध्ये फॉर्म्युल्यानेच ओळी काढायच्या तर ‘इंडेक्स’, ‘स्मॉल’, ‘इफ’ आणि ‘रो’ ही फंक्शनं एकमेकांत गुंफायची, कंट्रोल-शिफ्ट-एंटर दाबायचं आणि अंदाजाने तो खाली ओढायचा. वीस ओळींपर्यंत ओढला आणि जुळणाऱ्या पंचवीस निघाल्या, तर पाच गुपचूप गळायच्या. मूळ कारण असं की एका सेलमधल्या फॉर्म्युल्याचं उत्तर त्याच सेलपुरतं मर्यादित होतं.

गुगल शीट्समध्ये ‘फिल्टर’ फंक्शन एक्सेलच्या कितीतरी आधी होतं. एक्सेलसाठी मायक्रोसॉफ्टने ते सप्टेंबर २०१८ मध्ये जाहीर केलं. पुढच्याच महिन्यात कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणून तो काळ मला पक्का आठवतो. या ‘फिल्टर’साठी एक्सेलचं गणित आतूनच बदलावं लागलं. आता उत्तर लागेल तितक्या सेलांत आपोआप पसरतं, आणि वाटेत काही लिहिलेलं असेल तर ‘स्पिल’ची चूक दाखवतं. माझ्या मते ही चूक दिसणं हाच मोठा फायदा, कारण गुपचूप गळत काही नाही. लिब्रे ऑफिस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे फंक्शन ऑगस्ट २०२४ च्या २४.८ आवृत्तीत आलं.

आतलं गणित साधं आहे. आधी कुठल्या ओळींतून निवडायचं ते सांगायचं, मग अट. प्रत्येक ओळीला अट ‘खरं’ किंवा ‘खोटं’ म्हणते, म्हणजे १ किंवा ०. दोन अटींचा गुणाकार केला की दोन्ही पाळणाऱ्या ओळीच उरतात. बेरीज केली की कुठलीही एक पाळली तरी चालते. काहीच जुळलं नाही तर काय लिहायचं, ते तिसऱ्या जागी सांगावं, नाहीतर एक्सेल चूक दाखवतं.

मी डझनाचा आकडा वर एका सेलमध्ये ठेवलाय आणि फॉर्म्युल्यात त्या सेलचाच पत्ता दिलाय. पाचाच्या जागी सहा लिहिले की यादी बदलते. पट्ट्यांचं टेबल करून ठेवलंय, त्यामुळे रात्री उतरवलेली पट्टीही यादीत येते. बाबा शेजारी बसून आकडा सांगतात, मी टाइप करतो.