सरकीची लव आणि तोफेचा गोळा

हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये रुई वेगळी झाली की सरकी उरते. तिचा एक दाणा तळहातावर घेऊन बोटाने चोळून पाहा. आखूड, मऊ लव अजून चिकटलेली असते. हेच लिंटर. आपण ते ढेपेइतकंही मोजत नाही, पण तोफा चालतात त्या याच्यावर.

साफ केलेली लव म्हणजे जवळपास निव्वळ सेल्युलोज. नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाच्या मिश्रणात ती बुडवली की सेल्युलोजच्या साखळीवर नायट्रोजन-ऑक्सिजनचे गट बसतात. कापूस दिसतो कापसासारखाच, पण ठिणगी लागली की भपकन जळतो आणि राख जवळजवळ उरत नाही. जळायला लागणारा ऑक्सिजन आता त्याच्या अंगातच असतो. हे नायट्रोसेल्युलोज 1846 मध्ये रसायनशास्त्रज्ञ शोनबाइन यांनी जगापुढे आणलं. गोळा नळीबाहेर फेकणाऱ्या दारूत आजही मुख्य घटक हाच. युक्रेन युद्धात युरोपला गोळे कमी पडले, तेव्हा तिथले कारखाने चिनी लिंटरवर किती विसंबून आहेत तेही उघड झालं.

भंडाऱ्याजवळचं जवाहरनगर, भद्रावती, नागपूरची अंबाझरी: दारूगोळ्याच्या कामावर इथली कितीतरी घरं चालतात. देशाची संरक्षण निर्यात 2013-14 मध्ये 686 कोटी रुपयांची होती, 2024-25 मध्ये ती 23,622 कोटींवर गेली. याचा फायदा खरा आहे. आपल्या लष्कराची मागणी कधी येते, कधी आटते. पण यंत्रं आणि हात बसवून ठेवले तर कसब विसरतं आणि प्रत्येक गोळा महाग पडतो. परदेशी ऑर्डर असली की कामाची साखळी तुटत नाही.

धोका मात्र गोळा जहाजात चढला म्हणून संपत नाही. नायट्रोसेल्युलोज कोठारात पडून असतानाही हळूहळू विघटित होत राहतं. त्यातून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड तेच विघटन आणखी वाढवतात, उष्णता साठते आणि एखाद्या दिवशी दारू आपोआप पेटते. म्हणून तिच्यात डायफिनाइलअमाइनसारखं स्थिरक घालतात. ते हे वायू शोषून घेतं, पण घेता घेता स्वतः संपत जातं. किती उरलं हे ठरावीक काळाने नमुना काढून तपासावंच लागतं. उकाडा जितका जास्त, तितकं ते लवकर संपतं.

साठवलेला दारूगोळा काय करू शकतो, हे वर्धा जिल्ह्याने पाहिलंय. 30-31 मे 2016 च्या मध्यरात्री पुलगावच्या लष्करी दारूगोळा भांडारात आग लागली, ती विझवायला धावलेले जवान आणि अधिकारी मृत्युमुखी पडले, आसपासच्या गावांतली माणसं रात्रीतून हलवावी लागली. तिथे दारूचा नव्हे, सदोष सुरुंगांचा संशय होता. 24 जानेवारी 2025 ला जवाहरनगरच्या कारखान्यात स्फोट होऊन 8 कामगार दगावले. निर्यात वाढवायची तर आधी या कामगारांची सुरक्षा वाढली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

आणि माल नेमका कुणाच्या हाती जातो? खरेदीदार देश ‘आम्हीच वापरू, पुढे देणार नाही’ असं प्रमाणपत्र देतो. पण गोळा दशकभर टिकतो आणि तेवढ्यात सरकारं बदलतात. शस्त्रव्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार 2014 पासून लागू आहे, भारताने त्यावर सही केलेली नाही. सही होवो न होवो, आपल्या विक्री-करारात एक कलम हवंच: खरेदीदाराच्या कोठारातले नमुने दरवर्षी तपासायचे, स्थिरक किती उरलं ते आपल्याला कळवायचं, आणि मुदत संपलेला माल कुणी, कुठे नष्ट करायचा हे विक्रीच्या दिवशीच लिहून घ्यायचं.