चाक बदला, कॅलिपरला हात लावू नका

डिस्क ब्रेकच्या एकाच सायकलला चाकांच्या दोन जोड्या ठेवणं सोयीचं असतं: डांबरी रस्त्याला 28 मिमीचा टायर, कच्च्या वाटेला 40 मिमीचा. चाक बदलायला पाच मिनिटं पुरतात. पण दुसरं चाक बसवून फिरवलं की रोटर (चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची डिस्क) पॅडला घासतो, चर्र-चर्र सुरू होते आणि कॅलिपरचे, म्हणजे पॅड धरणाऱ्या भागाचे, बोल्ट सैल करून पुन्हा सगळी जुळवाजुळव. हे दर वेळी करायची गरज नाही. दोन्ही चाकांचे रोटर एकदा एकाच रेषेत आणले की झालं.

नवा रोटर साधारण 1.8 मिमी जाड असतो आणि दोन्ही बाजूंना पॅडपर्यंतची फट मिलिमीटरच्या काही दशांशांची. दोन वेगळ्या हबांवर (चाकाच्या मधल्या भागांवर) रोटर तेवढाच आत-बाहेर बसला, तरी घासणार. हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबाने चालणारा, ब्रेक आपोआप जुळवून घेतो, हे अर्धंच खरं. पॅड झिजला की त्याला ढकलणारा पिस्टन पुढे सरकतो, पण रोटर एका बाजूला गेला म्हणून कॅलिपर काही त्याच्यामागे जात नाही.

उपाय आहे शिम, म्हणजे 0.2 मिमी जाडीची चकती. सहा बोल्टच्या रोटरला ती हब आणि रोटर यांच्यामध्ये बसते. सेंटरलॉकसाठी (यात रोटर बोल्टऐवजी एकाच रिंगने आवळतात) वेगळ्या, खाचांवर बसणाऱ्या चकत्या मिळतात. शिम रोटरला फक्त बाहेर, फ्रेमच्या बाजूला ढकलते. आत आणत नाही. म्हणून ज्या चाकाचा रोटर जास्त बाहेर, ते प्रमाण मानायचं आणि शिम दुसऱ्या चाकात घालायची. इथे उलटं झालं की फरक दुप्पट होतो.

आधी वाकडे रोटर सरळ करून घ्या, नाहीतर माप फसवं येईल. पहिलं चाक बसवा. कॅलिपरच्या खाचेची बाहेरची कड आणि रोटर यांच्यामधली फट फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी, मोजा. मग दुसरं चाक बसवून त्याच जागी मोजा. पहिल्यात 0.6 आणि दुसऱ्यात 1.0 आलं, तर दुसऱ्याचा रोटर 0.4 ने आत आहे: दोन शिम. चकती घालण्याआधी हबचा तोंडाचा भाग पुसा, वाळूचा एक कणही रोटर तिरका बसवतो. बोल्ट समोरासमोरचे थोडे-थोडे आवळा. किती आवळायचं ते ब्रेकच्या कंपनीवर: शिमानो 2 ते 4 न्यूटन मीटर सांगते, स्रॅम 6.2, सेंटरलॉकची रिंग मात्र 40. शेवटी प्रमाण चाकावर कॅलिपर एकदाच मध्यभागी आणा. मागे पांढरा कागद धरला की रोटरच्या दोन्ही बाजूंना उजेडाच्या दोन रेघा दिसतात, त्या सारख्या हव्यात.

एवढं करूनही घासलं, तर रोटरची झीज बघा. एक 1.8 आणि दुसरा झिजून 1.6 असेल, तर पॅड पातळ रोटरला सरावून पुढे आलेले असतात आणि नव्याला जागा कमी पडते. शिमने हे सुटत नाही. जोड्या आलटून-पालटून वापरा किंवा रोटर एकत्र बदला. शिमानोचे रोटर 1.5 मिमीपर्यंतच चालवायचे.

क्विक रिलीजची (चाक हाताच्या खटक्याने आवळायची) सायकल असेल तर चाक सायकल जमिनीवर उभी करूनच आवळा. उलट्या सायकलवर एक्सल खाचेत तिरका बसू शकतो आणि तेवढ्यानेही रोटर हलतो. चाक काढलेलं असताना ब्रेकचा लिव्हर दाबला गेला तर पॅड चिकटून बसतात, म्हणून मध्ये प्लॅस्टिकचा तुकडा ठेवा.