क्रिएटिनीन १.४ आणि पुढे पाठवायची चिठ्ठी

यावलच्या किंवा शहाद्याच्या दवाखान्यात रिपोर्ट पुढे सरकवला की डॉक्टर आधी क्रिएटिनीन, म्हणजे किडनी रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ, बघतात. १.४ असेल तर "जरासंच वाढलंय, पाणी पीत जा" म्हणून पेशंटला घरी धाडतात. पण हेच १.४ पंचविशीतल्या तरुणाचं असेल तर आजच्या सूत्राने ईजीएफआर, म्हणजे किडनीची गाळण्याची गती, मिनिटाला ७२ मिलिलिटरच्या आसपास निघते. पासष्टीच्या बाईची निघते ४२!

क्रिएटिनीन मोजायची रासायनिक क्रिया जर्मन शास्त्रज्ञ याफेने १८८६ सालीच दाखवली होती. अडचण अशी, की निम्मी किडनी कामातून जाईपर्यंत हा आकडा फारसा हलत नाही. १९७६च्या कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने वय आणि वजन हिशेबात घेतलं, पण गर्दीच्या ओपीडीत आकडेमोड करणार कोण? १९९९च्या एमडीआरडी सूत्राला वजन लागत नव्हतं, त्यामुळे लॅबचा कॉम्प्युटरच उत्तर छापू लागला. २००२ साली अमेरिकेत किडनीच्या आजाराचे पाच टप्पे ठरले. ब्रिटनमध्ये २००६पासून ईजीएफआर सर्रास रिपोर्टवर येऊ लागला आणि किडनीतज्ज्ञांकडे चिठ्ठ्यांचा ओघ वाढला. त्यांत वर्षानुवर्षं आकडा जागचा न हललेले म्हातारेही बरेच होते. मग केडिगो या किडनीच्या आजारांवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१२च्या मार्गदर्शनात ठरलं: ईजीएफआर ३०च्या खाली, लघवीत बरंच अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) किंवा वेगाने घसरण, असं दिसलं की किडनीतज्ज्ञाकडे पाठवा.

सूत्रं २००९ आणि २०२१ साली सुधारली, पण ती बेतली परदेशी अंगकाठीवर. क्रिएटिनीन येतं स्नायूंतून. कळण्याची भाकरी खाऊन दिवसभर निंदणी करणाऱ्या काटकुळ्या बाईचं क्रिएटिनीन मुळातच कमी, म्हणून ईजीएफआर आहे त्यापेक्षा चांगला दिसतो. नंदुरबारच्या भिल्ल-पावरा पाड्यांवर सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आहे. त्यात किडनी जास्तीचं क्रिएटिनीन बाहेर टाकते आणि रिपोर्ट आणखीच फसवा होतो. अशा पेशंटला माझ्या मते ३०ची वाट बघत बसू नये. लघवीतलं अल्ब्युमिन आधी तपासावं. ती तपासणी काही महाग नाही, पण लिहून देणारे कमी.

उशीर झाला तर काय, हे डायलिसिसच्या खाटेवर दिसतं. हातातला फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडून केलेली वाट, तयार व्हायला काही आठवडे ते महिने लागतात. शेवटच्या घडीला धुळ्या-नाशिकला नेलेल्या पेशंटच्या मानेतच नळी घालावी लागते.