काचेच्या पेटीतलं हवामान

ममीच्या दालनातला मंद उजेड मुद्दाम ठेवलेला असतो. कापड, केस, त्वचा यांच्यावर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाश मोजायचं एकक) जास्त प्रकाश पडू देत नाहीत, कारण प्रकाशाने झालेली हानी भरून येत नाही, साठत जाते. पण खरी राखण असते हवेची. देह ज्या कारणाने टिकला, तेच कारण पेटीत जपावं लागतं.

इजिप्तमध्ये पोटातले अवयव काढून देह सुमारे ४० दिवस नेट्रॉन या सोडायुक्त नैसर्गिक क्षारात पुरून ठेवत. लेप आणि पट्ट्या धरून सगळं काम ७० दिवसांचं. पाणी गेलं की जिवाणूंना वाव उरत नाही. म्हणूनच अशा देहाला दमट हवा सोसत नाही. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांवर रेंगाळली की बुरशी धरते. इजिप्तचा राजा दुसरा रामसेस याच्या ममीला ती धरली होती. १९७६ मध्ये ममी पॅरिसला नेली आणि पुढच्या वर्षी गॅमा किरणांनी बुरशी मारली. २०२१ मध्ये कैरोत २२ राजममी नव्या संग्रहालयात हलवल्या, त्या नायट्रोजन भरलेल्या पेट्यांतून.

आल्प्समध्ये १९९१ साली सापडलेला ओत्झी नेमका उलटा. सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा हा देह ओला गोठलेला आहे. इटलीतल्या बोल्झानोच्या संग्रहालयात तो उणे ६ अंश सेल्सिअस आणि सुमारे ९९ टक्के आर्द्रतेत असतो. कोरड्या थंडीत त्याच्यातलं बर्फ न वितळताच उडून जाईल आणि देह आक्रसेल. तरी थोडं पाणी जातंच, म्हणून अधूनमधून निर्जंतुक पाणी फवारतात. त्याचा पातळ बर्फाचा थर देहावर बसतो.

डेन्मार्कच्या दलदलींतले देह आणखी वेगळे. शेवाळाचं आम्लयुक्त, थंड पाणी आणि ऑक्सिजनचा अभाव यांमुळे त्वचा कातड्यासारखी कमावली जाते, हाडांतला चुना मात्र विरघळतो. बाहेर काढून नुसतं वाळवलं तर देह सुरकुततो. १९५० मध्ये सापडलेल्या टोलुंड मानवाचं फक्त डोकं नीट जतन झालं. सिल्केबोर्गच्या संग्रहालयात त्याखाली दिसणारं धड नंतर घडवलेलं आहे. दोनच वर्षांनी मिळालेला ग्राउबाले मानव मात्र ओकच्या सालीत दीडेक वर्ष कमावून अख्खा राखला. माझ्या मते जतनाचा यापेक्षा चांगला धडा दालनात सापडणार नाही.

शेजारच्या काशाच्या वस्तूही पाहा. त्यांवर फिकट हिरवी भुकटी दिसली, तर धातूतली क्लोराइडं, म्हणजे क्लोरीनचे क्षार, ओलाव्याने जागी झाली आहेत. त्यांना फार कोरडी हवा लागते, पण त्याच हवेत लाकूड तडकतं. म्हणून काशाची पेटी वेगळी आणि तिच्या तळाशी ओलावा शोषणारं सिलिका जेल.