सावली नेमकं काय करते?

दादर-माटुंग्याच्या फाइव्ह गार्डनमध्ये मे महिन्याच्या भर दुपारी हवेचं तापमान मोजलं, तर आकडे निराश करतात. रस्त्यावरच्या आणि पर्जन्यवृक्षाखालच्या हवेत फरक असतो तो जेमतेम एखाद-दोन अंशांचा. तरीही झाडाखाली येताच अंगाला हायसं वाटतं, आणि हा मनाचा खेळ नव्हे.

शरीराला उष्णता फक्त हवेतून मिळत नाही. भर दुपारच्या निरभ्र उन्हात दर चौरस मीटरवर हजार वॉटच्या आसपास सौर ऊर्जा पडते. शिवाय तापलेलं डांबर आणि भिंती आपल्याकडे अवरक्त किरण फेकत राहतात. उन्हातलं डांबर सहज ५० अंशांच्या वर जातं. दाट झाड यातलं बरंचसं ऊन वरच्यावर झेलतं आणि पायाखालची जमीनही तापू देत नाही. हवेच्या तापमानाचा आकडा हे सांगत नाही. कातडीला मात्र ते लगेच कळतं.

झाडं पाण्याची वाफ सोडूनही हवा गार करतात. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते. पण मुंबईच्या दमट हवेत बाष्प आधीच भरपूर असल्याने हे काम मंदावतं. आपला घामही त्याच कारणाने वाळत नाही. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात वाफेचा उपयोग जास्त, मात्र जमिनीत ओल असेल तरच. ती संपली की झाड पानांची रंध्रं मिटून घेतं. समुद्रकाठच्या शहरात म्हणूनच अंगावर येणारं ऊन अडवणं हीच झाडाची सगळ्यात मोठी मदत.

या कामात पर्जन्यवृक्षाला तोड नाही. मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला हा वृक्ष छत्रीसारखा आडवा पसरतो. संध्याकाळ झाली की त्याच्या पर्णिका मिटतात. दाट पर्णछत्राखाली रात्री उष्णता अडकून राहते. मिटलेल्या पानांमधून ती आकाशाकडे निसटायला थोडी अधिक वाट मिळते.

हे सगळं पाहिलं की नव्या बागांची आखणी खटकते. मधोमध हिरवळ, भोवती पेव्हर ब्लॉकची वाट, कडेला शोभेचे खुरटे ताड. हिरवळ डोळ्यांना सुखावते, पण माणसाला सावली देत नाही. खोडाला सिमेंट भिडवलं की मुळांना पाणी आणि हवा कमी मिळते, आणि पुढच्या ३० वर्षांची सावली तिथेच खुंटते.

मनावरच्या परिणामांचेही पुरावे आहेत. १९८४ मध्ये अमेरिकी संशोधक रॉजर उलरिच यांनी पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, त्यांना विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा कडक वेदनाशामकं कमी लागली आणि ते थोडे आधी घरी गेले. अभ्यास लहान होता, पण पुढच्या कितीतरी संशोधनाला त्याने चालना दिली.

सावलीची खरी गरज मात्र दुपारी बारा ते चार या वेळेत असते. डिलिव्हरीवाल्यांना, सुरक्षारक्षकांना, हातगाडीवाल्यांना. पुण्यासह अनेक शहरांत नेमक्या त्याच वेळी कित्येक बागांच्या फाटकांना कुलूप असतं. ते कुलूप काढायला नवी जागा लागत नाही आणि नवं झाडही लागत नाही. दुपारपाळीचा एक रखवालदार आणि पिण्याच्या पाण्याचा एक नळ एवढ्यावर ते होण्यासारखं आहे.